काळा पडलेला पडदा आणि चालू असलेलं गणित: एका सन वर्कस्टेशनचं रिझोल्यूशन कमांडवरून बदलताना

पार्श्वभूमी

ही गोष्ट २००५ च्या पावसाळ्यातली. पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या रसायनशास्त्र विभागात मी संगणकांची देखभाल करत होतो. नोकरीला दोनच वर्षं झाली होती. विभागात पंधरा-वीस विंडोज पीसी होते, माझ्या टेबलावर एक लिनक्स पीसी होता, आणि एका संशोधन प्रकल्पाच्या पैशातून घेतलेलं सन कंपनीचं अल्ट्रा १० वर्कस्टेशन होतं. हे मॉडेल १९९८ साली बाजारात आलं. म्हणजे तोवर यंत्र जुनं झालं होतं, पण पीएचडीच्या विद्यार्थ्यांची रेणूंच्या रचनेची लांबलचक गणितं अजून त्यावरच चालत, कारण त्यांचा प्रोग्रॅम तिथेच नीट बसवलेला होता. त्यावर सोलॅरिस ९ ही सनची युनिक्स कार्यप्रणाली होती आणि तिचा खिडक्यांचा डेस्कटॉप सीडीई नावाचा.

ग्राफिक्ससाठी वेगळं कार्ड नव्हतं. मदरबोर्डवरच एटीआयची चिप होती, तिला ४ मेगाबाइट मेमरी. सनच्या कागदपत्रांत या जोडणीला पीजीएक्स२४ म्हणतात आणि सोलॅरिस तिला एम६४ या नावाने ओळखतं. म्हणून तिच्यासाठीची कमांड एम६४कॉन्फिग. विंडोजसारखं उजवी क्लिक करून रिझोल्यूशन बदलायची सोय या डेस्कटॉपवर नव्हती. जे काही करायचं ते रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता होऊन, कमांड लिहून.

मॉनिटर २१ इंची, काचेच्या नळीचा, आणि रिझोल्यूशन १२८०×१०२४, ७६ हर्ट्झवर, म्हणजे चित्र सेकंदाला ७६ वेळा नव्याने उमटणारं. माझ्या आधीच्या माणसाने ते तसं ठरवून ठेवलं होतं आणि त्याला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

अडचण

शुक्रवारी दुपारी तो मॉनिटर गेला. आधी आठवडाभर अंधुक होत होता, मग एकदम विझला. प्रयोगशाळेतल्या मामांनी भांडारातून नुकताच आलेला १७ इंची एलसीडी काढला आणि यंत्र चालू असतानाच त्याची वायर जोडली. पडद्यावर एक छोटी चौकट आली, सिग्नल मर्यादेबाहेर असल्याची, आणि मग काळोख.

यंत्र चालूच होतं. आणि ते बंद करून चालणार नव्हतं, कारण पीएचडीच्या एका विद्यार्थिनीचं गणित त्यावर चार दिवस चालू होतं आणि आणखी दोन दिवस लागणार होते. मधल्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करायची सोय तिने चालू केलेली नव्हती. सोमवारी सकाळी तिला गाइड मॅडमना आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना रेणूंची चित्रं दाखवायची होती.

मी पोचलो तेव्हा मामा टेबलाखाली वाकून वायरी सोडवत होते. "मामा, कीबोर्डची वायर काढू नका," मी दारातूनच ओरडलो. हे मला आधीच्या एका अनुभवाने माहीत होतं. त्या काळच्या सन यंत्रांचा कीबोर्ड चालू असताना उपटला, की यंत्र त्याला थांबण्याचा इशारा समजतं आणि सोलॅरिस जिथल्या तिथे गोठवून फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या, ओके या खुणेवर जाऊन बसतं. 'गो' लिहिलं की पुढे चालतं, पण पडदाच दिसत नसेल तर समोर काय आहे हे कळायला मार्ग नाही. मामांनी हात मागे घेतला.

कारण शोधणं सोपं गेलं. एलसीडीच्या पुस्तिकेत मर्यादा छापलेल्या होत्या: उभ्या दिशेने (सेकंदाला किती चित्रं) ७५ हर्ट्झ, आडव्या दिशेने (सेकंदाला किती आडव्या ओळी) ८० किलोहर्ट्झ. १२८०×१०२४ हे ७६ हर्ट्झवर चालवलं तर आडवी वारंवारता ८१ किलोहर्ट्झच्या थोडी वर जाते. दोन्हीकडे अगदी थोडक्यात हुकत होतं. तेच रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर ६४ किलोहर्ट्झमध्ये बसतं, आणि या पॅनलचं मूळ माप तेच होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, यंत्र बंद करून चालू करायचं. तो लगेच बाद. शिवाय त्याने प्रश्न सुटलाही नसता. ७६ हर्ट्झ हा आकडा विंडो सिस्टिमच्या (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओडब्ल्यूकॉन्फिग या फाइलमध्ये लिहिलेला होता, त्यामुळे चालू होताना फर्मवेअरची अक्षरं कदाचित दिसली असती आणि लॉगिनचा पडदा यायच्या वेळी पुन्हा काळोख झाला असता.

दुसरा, दुसरीकडून नळीचा मॉनिटर आणायचा. शेजारच्या विभागात होते ते १५ इंची, ऑफिसातले. ८१ किलोहर्ट्झ त्यांनाही झेपलं नसतं.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. एम६४कॉन्फिगला रेस या रिझोल्यूशनच्या पर्यायानंतर 'नाऊ' हा शब्द जोडला की ती फाइलमध्ये नोंद करते आणि त्याच क्षणी चिपलाही नवं रिझोल्यूशन देते. नेटवर्कवरून लॉगिन करायचं, एक ओळ लिहायची, पडदा उजळणार. पण या कमांडचं मॅन्युअल पान स्पष्ट सांगतं, की विंडो सिस्टिम चालू असताना 'नाऊ' वापरू नये, परिणाम काय होईल याचा भरवसा नाही. आधी ती बंद करावी.

चौथा म्हणजे मॅन्युअल सांगतं तसंच करायचं. विंडो सिस्टिम बंद, रिझोल्यूशन बदल, पुन्हा चालू. यात अडचण अशी की गणित तिने सीडीईच्या एका टर्मिनलमध्ये सरळ सुरू केलं होतं. विंडो सिस्टिम बंद झाली की टर्मिनल बंद होणार, टर्मिनल गेलं की त्यातल्या प्रोग्रॅमला हँगअपचा, म्हणजे टर्मिनल सुटलं आता थांब असा, सिग्नल जाणार, आणि चार दिवसांचं काम तिथेच संपणार.

मी तिसऱ्या पर्यायापाशी बराच वेळ घुटमळलो. चिपच्या नोंदी बदलताना विंडो सिस्टिम मध्ये आली तर यंत्र अडकेल की नुसतं चित्र बिघडेल, हे मला सांगता येत नव्हतं. स्वतःचं यंत्र असतं तर करून पाहिलं असतं. दुसऱ्याच्या चार दिवसांवर ते करून पाहायचा मला अधिकार नव्हता.

गणित वाचवण्याची तयारी

चौथ्या पर्यायातली गाठ सोलॅरिस ९ मुळेच सुटली. 'नोहप' ही कमांड सगळ्यांना माहीत असते ती प्रोग्रॅम सुरू करताना पुढे लावायची म्हणून. सोलॅरिस ९ मध्ये तिला 'पी' हा पर्याय आहे: आधीच चालू असलेल्या प्रक्रियेचा क्रमांक द्यायचा, ती प्रक्रिया हँगअपला दाद देत नाही, आणि तिचं टर्मिनलवर जाणारं लिखाण नोहप डॉट आउट या फाइलकडे वळतं.

मी हे कधी वापरलेलं नव्हतं. म्हणून आधी खोटी परीक्षा घेतली. माझ्या टेबलावरून वर्कस्टेशनवर दोन लॉगिन उघडली. एकात 'स्लीप ६००' ही ६०० सेकंद नुसती थांबून राहणारी कमांड चालवून ठेवली, दुसऱ्यातून त्याच्या क्रमांकावर नोहप लावलं, आणि पहिल्याची खिडकी फटकन बंद केली. पीएस -ईएफ या कमांडने चालू प्रक्रियांची यादी पाहिली: स्लीप जिवंत होतं आणि त्याचा पालक आता प्रक्रिया क्रमांक १ झाला होता, म्हणजे बंद झालेल्या खिडकीपासून ते सुटलं होतं. मग नोहप न लावता तेच केलं, तेव्हा स्लीप गेलं. या दुसऱ्या परीक्षेला दोन मिनिटं लागली, पण पहिलीवर विश्वास बसला तो तिच्यामुळे.

आता उरल्या उघड्या खिडक्या. विद्यार्थिनीने सांगितलं, "सर, चित्रांखालच्या ओळी मी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिल्यात. सेव्ह केल्यात की नाही, आठवत नाही."

पडदा दिसत नव्हता, पण विंडो सिस्टिमच्या लेखी तो होताच. तिच्या नावाने नेटवर्कवरून लॉगिन केलं, डिस्प्ले शून्य, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा पडदा, ठरवला आणि एक्सडब्ल्यूडी या कमांडने पूर्ण पडद्याचं चित्र फाइलमध्ये उतरवलं. ती फाइल माझ्या लिनक्सवर आणून एक्सडब्ल्यूयूडी या तिच्या जोडीच्या कमांडने उघडली. रंग भलतेच आले, कारण ८ बिट पडद्यावर प्रत्येक खिडकीची रंगांची तक्ती वेगळी असू शकते, पण वाचता येत होतं. पडदा कुलूपबंद झाला होता. ती खालच्या मजल्यावर जाऊन काळ्या पडद्यापुढे बसली आणि अंदाजाने पासवर्ड टाइप केला. मी दुसरं चित्र घेतलं: खिडक्या दिसल्या, एडिटर मागे होता. फोनवर मी सांगत होतो, माउस थोडा डावीकडे, आणखी, आता क्लिक. पाचव्या चित्रात एडिटर पुढे आला. तिने कंट्रोल-एस दाबलं आणि मी इकडे फाइलची वेळ पाहिली. बदलली होती.

मला या कामात सर्वात समाधान याच अर्ध्या तासाचं आहे.

प्रत्यक्ष बदल

क्रम कागदावर लिहून घेतला आणि तिच्या गाइड मॅडमना दाखवला. जोखीम त्यांच्या विद्यार्थिनीची होती, तेव्हा होकार त्यांचा हवा होता. त्यांनी एकच विचारलं: "नाहीच जमलं तर काय जाईल?" मी म्हटलं, वाईटात वाईट म्हणजे चार दिवस. त्यांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, करा.

गणिताच्या प्रक्रियेवर नोहप लावलं. मग एम६४कॉन्फिग -पीआरकॉन्फ करून चिप कोणकोणती रिझोल्यूशनं देऊ शकते ते पाहिलं. यादीत १२८०×१०२४×६० होतं. लिहिताना तिन्ही आकड्यांमध्ये इंग्रजी एक्स हे अक्षर येतं, जागा न सोडता. त्यानंतर एम६४कॉन्फिग -रेस १२८०×१०२४×६०, पुढे 'नाऊ' न लावता. अशाने बदल फक्त फाइलमध्ये जातो आणि विंडो सिस्टिम पुढच्या वेळी सुरू होताना तो उचलते.

कमांडने इशारा दिला की चित्र दिसेनासं होऊ शकतं, पुढे जाऊ का. हा प्रश्न टाळायला 'नोकन्फर्म' आणि 'नोचेक' असे दोन शब्द आहेत. नोचेक तर मॉनिटर बदलायचा असेल तेव्हासाठीच सांगितलेला आहे, कारण तो मॉनिटरच्या ओळखीशी ताडून पाहणं सोडून देतो. मी दोन्ही लावले नाहीत. नोचेक लावलं असतं तर आकडा लिहिताना झालेली माझी चूकही त्याने मुकाट्याने स्वीकारली असती.

'वाय' दाबलं. ईटीसीमधल्या इनिट डॉट डी फोल्डरातली डीटीलॉगिनची, म्हणजे लॉगिनचा पडदा आणि विंडो सिस्टिम बंद-चालू करणारी, स्क्रिप्ट आधी 'स्टॉप'ने चालवली. पीएस पाहिलं, गणित चालू होतं. मग 'स्टार्ट'. खालून मामांचा आवाज फोनवर आला, "आलं आलं!"

पडदा लख्ख होता. प्रत्येक बिंदू पॅनलच्या एकेका बिंदूवर बसलेला.

दुसरा निर्णय, जो नको होता

इथे थांबायला हवं होतं. पण पडदा पाहून तिने एक जुनी तक्रार काढली. रॅसमोल या रेणूंची चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रेणू उघडल्यावर शेजारी नेटस्केप हा ब्राउझर चालू केला की रंग पालटत: ऑक्सिजनचा लाल मळकट, नायट्रोजनचा निळा जांभळट. ८ बिटमध्ये एका वेळी २५६च रंग, आणि नेटस्केप त्यातले पुष्कळ अडवून बसायचं. "आता हात घातलाच आहे तर हेही होईल का, सर?"

कमांडमध्ये डेप्थ (एका बिंदूच्या रंगासाठी किती बिट) हा पर्याय होता, ८ किंवा २४. पण मेमरी ४ मेगाबाइट, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट. २४ बिट रंगाला प्रत्येक बिंदूमागे ४ बाइट धरली तर १२८०×१०२४ ला ५२,४२,८८० बाइट लागतात. बसत नाहीत. ११५२×९०० ला ४१,४७,२०० लागतात. फक्त ४७,१०४ बाइट शिल्लक, पण बसतात. हे वेडंवाकडं माप मला आजवर सनचा एक जुना रिवाज वाटत होतं. या चिपच्या बाबतीत त्याचा उपयोग त्या दिवशी कळला.

म्हणजे निवड अशी: १२८०×१०२४ वर रेखीव अक्षरं आणि २५६ रंग, किंवा ११५२×९०० वर सगळे रंग आणि थोडी पुसट अक्षरं. एलसीडी ते चित्र ताणून दाखवणार, आणि ताण आडवा १.११ पट, उभा १.१४ पट, त्यामुळे काही रेघा जाड, काही बारीक. गणित आता टर्मिनलपासून सुटलेलं होतं, तेव्हा विंडो सिस्टिम पुन्हा बंद-चालू करायला हरकत नव्हती. डेप्थ २४, रेस ११५२×९००×६६ केलं. तिने पाहिलं, आणि चित्रं होईपर्यंत रंगच हवेत म्हणाली. मी दोन छोट्या स्क्रिप्टा करून ठेवल्या, एक रंगांसाठी, एक अक्षरांसाठी, आणि सहाला घरी गेलो.

शनिवारी रात्री तिचा फोन आला. रॅसमोल सुरूच होत नव्हतं.

रॅसमोल मूळ सोर्स कोडपासून बांधताना, म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्रॅम तयार करताना, पडदा किती बिटचा आहे हे आधीच ठरवावं लागे. आमची प्रत ८ बिटसाठी बांधलेली होती. २४ बिटच्या पडद्यावर तिला हवा तसा पडदाच सापडेना. मी जाताना रंग पाहिले, डेस्कटॉप पाहिला, आणि जे सॉफ्टवेअर चालावं म्हणून हा सगळा खटाटोप केला ते एकदाही उघडून पाहिलं नाही. त्या रात्री मी येऊ शकलो नाही, आणि रूटचा पासवर्ड तिच्याकडे नसल्याने माझी स्क्रिप्ट तिच्या उपयोगाची नव्हती.

निष्पत्ती

चित्रं तिने स्वतःच केली. रेणूंच्या फाइली विंडोज पीसीवर नेल्या, रॅसमोलची विंडोजवरची आवृत्ती उतरवून घेतली आणि रविवारी दुपारपर्यंत सगळी चित्रं तयार झाली. सोमवारची भेट नीट पार पडली. गणित रविवारी रात्री संपलं, पूर्ण आणि बिनचूक, शेवटच्या ओळी नोहप डॉट आउटमध्ये.

सोमवारी दुपारी मी रॅसमोल पुन्हा बांधलं, मेकफाइल या बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये ८ बिटच्या जागी ३२ बिट लिहून, आणि दोन्ही प्रती वेगळ्या नावांनी ठेवल्या. गणित संपलेलं असल्याने फर्मवेअरकडेही लक्ष देता आलं. यंत्र सुरू होतानाची अक्षरं वेगळ्या रिझोल्यूशनवर येतात, त्यांचा ओडब्ल्यूकॉन्फिगशी संबंध नाही. ते फर्मवेअरच्या नोंदी बदलणाऱ्या, रूटच्या ईईप्रॉम कमांडने ठरतं: आउटपुट-डिव्हाइस या नावापुढे 'स्क्रीन', अपूर्णविराम, 'आर' आणि लगेच आकडे. हे लिहिण्याआधी एक नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) यंत्राच्या २५ पिनांच्या सिरियल पोर्टला लावून ९६०० वेगावर तपासून घेतली. इथे आकडा चुकला तर यंत्र बंद करून कीबोर्ड काढायचा आणि चालू करायचं. कीबोर्ड नसेल तर सन आपला कन्सोल, म्हणजे यंत्राशी बोलायची जागा, आपोआप सिरियलवर देतं. या वेळी ती वाट आधी मोकळी करून ठेवली होती. लागली नाही.

काही महिन्यांनी एका मोडीत निघालेल्या सन यंत्रातलं पीजीएक्स६४ कार्ड मिळालं. त्यात ८ मेगाबाइट मेमरी असते, ५२ लाख बाइट सहज मावतात. ते पीसीआय स्लॉटमध्ये बसवलं, एम६४कॉन्फिगला -डेव्ह देऊन दुसरं उपकरण दाखवलं, आणि विंडो सिस्टिम कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या एक्ससर्व्हर्स फाइलमध्ये तेच नाव लिहिलं. १२८०×१०२४ वर पूर्ण रंग, रेखीव अक्षरं. निवड करायची वेळच उरली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोहप, खोटी परीक्षा, पडद्याचं चित्र काढणं, 'नाऊ' टाळणं, हे मी आजही तसंच करेन. डेप्थचा बदल शुक्रवारी संध्याकाळी करणार नाही. एम६४कॉन्फिगला 'ट्राय' असाही एक शब्द आहे: नवं रिझोल्यूशन तात्पुरतं लावून १० सेकंदांत होकार मागतो, नाही मिळाला तर मागे घेतो. विंडो सिस्टिम बंद करायचीच होती, तेव्हा ती बंद असताना तो वापरता आला असता. मी पानावर पुढे वाचलंच नाही.

पण मला अजून खटकतं ते याच्याही आधीचं आहे. शुक्रवारी दुपारी मी विचारलं, "पडद्याला काय झालंय?" आणि तिथून मी पडद्याच्याच मागे लागलो. "सोमवारपर्यंत तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, सहा चित्रं. ती चित्रं त्याच खोलीतल्या विंडोज पीसीवर होत होती. फाइली नेटवर्कवरून काढता येत होत्या. गणिताला पडदा लागतच नव्हता. म्हणजे अल्ट्रा १० चा पडदा मंगळवारपर्यंत काळा ठेवून, मामांना फक्त कीबोर्डला हात लावू नका सांगून, मी घरी गेलो असतो तरी काहीच अडलं नसतं. आणि दुसऱ्याच्या चार दिवसांवर जी जोखीम मी मॅडमसमोर कागदावर मांडली, ती घ्यायचीच नव्हती. मॅडमनी "काय जाईल" विचारलं तेव्हा मी खरं उत्तर दिलं. पण न करता चालेल का, हे त्या कागदावर नव्हतं, आणि ते लिहिण्याची जबाबदारी माझी होती.

विभागाच्या तक्रार-वहीत तेव्हा तीन रकाने होते: तारीख, यंत्र, बिघाड. त्या महिन्यात मी पट्टीने चौथा आखला आणि वर लिहिलं, 'काम काय, कधीपर्यंत'. त्यात पहिली नोंद तिनेच केली, नव्या कार्डाच्या वेळी: "थिसिसची शेवटची चित्रं, पुढचा महिना. घाई नाही."